लांब शाफ्टमधील छिद्र दुसऱ्या टोकाला मध्य का सोडते : गनड्रिलिंगमधील एका हट्टी दोषाचे निवारण

तक्रार सर्वांच्या ओळखीची आहे. ईएन ८ किंवा ईएन १९ प्रतीच्या पोलादाच्या साठ-सत्तर सेंटिमीटर लांबीच्या शाफ्टमध्ये आरपार छिद्र पाडायचे असते. ज्या टोकाकडून ड्रिल आत शिरते तेथे छिद्र अगदी मध्यावर असते आणि ज्या टोकाला ते बाहेर पडते तेथे मात्र अर्धा-पाऊण, कधी दीड मिलिमीटर बाजूला सरकलेले दिसते. ड्रिलला नवी धार लावली किंवा नवे ड्रिल चढवले की पुढचे काही जॉब, म्हणजे यंत्रावर चढवलेले नग, बरे येतात, खात्यात सगळ्यांना हायसे वाटते, आणि थोड्याच दिवसांत तोच दोष पुन्हा समोर उभा राहतो. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील आणि चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतींत कॅमशाफ्टमधील तेलाची छिद्रे, पोकळ स्पिंडल, हायड्रॉलिकचे रॉड अशी लांब आणि बारीक कामे करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही, आणि चैत्र-वैशाखात तो अधिक वेळा येतो, यालाही ठोस कारण आहे.

हा दोष परत परत येतो याचे कारण, माझ्या मते, दर वेळी दोष ड्रिलच्या माथी मारला जातो हे आहे. छिद्राची दिशा पहिल्या इंचभरात ठरते आणि त्या इंचाची तपासणी सहसा कोणी करत नाही. नव्या ड्रिलची धार तीक्ष्ण असल्यामुळे त्याच्यावर येणारा दाब कमी असतो, म्हणून सुरुवातीची चूक काही काळ झाकली जाते. धार थोडी उतरली की दाब वाढतो आणि झाकलेली चूक उघडी पडते. त्यामुळे धार लावणे हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो आणि मूळ कारण जागेवरच राहते.

छिद्र मुळात सरळ का जाते

गनड्रिलने खोल छिद्र पाडण्याचे हे तंत्र बंदुकीच्या नळीसाठी विकसित झाले आणि त्याचे नावही तेथूनच आले. बंदुकीची नळी तयार करणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याचा विषय असल्याने त्या कामाशी आपला संबंध नाही. परंतु भरीव पोलादी दांड्यातून व्यासाच्या पन्नास-साठ, कधी शंभर पट खोल छिद्र सरळ कसे न्यावे, या प्रश्नाचे उत्तर त्याच कामातून मिळाले असल्यामुळे त्यामागचा विचार समजून घेणे आवश्यक ठरते.

नेहमीच्या पिळाच्या ड्रिलला दोन धारा असतात आणि टोकाच्या मध्यभागी छिन्नीसारखी एक आडवी कड असते. ही कड धातू कापत नाही, दाबून बाजूला सारते. तिला जरा कठीण जागा लागली की टोक घसरते, आणि ड्रिलला छिद्राच्या भिंतीचा भक्कम आधार नसल्याने घसरलेले टोक पुन्हा मार्गावर येत नाही. गनड्रिलमध्ये हा प्रश्न मुळापासून सोडवलेला आहे. त्याला धार एकाच बाजूला असते, कार्बाइडचे टोक पोलादी नळीवर बसवलेले असते, नळीला लांबवर एक सरळ खाच असते, आणि टोकाच्या बाहेरील अंगावर कापत नसलेले, घोटून गुळगुळीत केलेले आधारपट्टे असतात. धार एकाच बाजूला असल्यामुळे कापण्याचा जोर समतोल राहत नाही. तो ड्रिलला सतत विरुद्ध बाजूच्या भिंतीवर दाबून धरतो, आणि आधारपट्टे त्या भिंतीवर टेकून पुढे सरकतात. म्हणजेच ड्रिल आपणच नुकत्याच पाडलेल्या छिद्राचा आधार घेऊन पुढचे छिद्र पाडते.

या युक्तीतच तिचे सामर्थ्य आहे आणि तिची मर्यादाही. सुरुवातीचा भाग सरळ असेल तर ड्रिल तो सरळपणा शेवटपर्यंत नेते, आणि सुरुवातीला कल असेल तर तो कलही तितक्याच निष्ठेने शेवटपर्यंत नेते. नांगराचे पहिले तास वाकडे पडले की पुढची सगळी तासे त्याच्याच बाजूने वाकडी जातात, तसाच हा प्रकार आहे.

आधी निदान, मग पाना

यंत्राला हात लावण्यापूर्वी छिद्र कोणत्या दिशेने आणि कशा रीतीने सरकते आहे हे पाहिले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी केवळ ‘आऊट किती’ एवढेच नोंदवले जाते. ‘कोणीकडे’ हे कोणी लिहीत नाही, आणि खरी माहिती तर दिशेतच असते.

ज्या यंत्रात जॉब स्थिर राहतो आणि ड्रिल फिरते, तेथे प्रत्येक जॉबवर वरच्या अंगाला लांबीभर खडूची रेघ ओढावी आणि प्रवेशाच्या टोकाला पंचाची एक खूण करावी. छिद्र पडल्यावर दुसऱ्या टोकाची भिंत चार बाजूंनी मोजावी. अल्ट्रासॉनिक जाडीमापक असल्यास ते सर्वांत सोयीचे, कारण त्याने मधल्या लांबीवरही भिंत मोजता येते. समजा एका बाजूला भिंत १०.६ मि.मी. आणि समोरच्या बाजूला ९.४ मि.मी. भरली, तर फरक १.२ मि.मी. आहे आणि छिद्र मध्यापासून त्याच्या निम्मे, म्हणजे ०.६ मि.मी. सरकले आहे. डायल (काट्याचे मापक) लावून जॉब फिरवून पाहिल्यास डायल १.२ दाखवतो. एकाने सांगितलेला आकडा भिंतीच्या फरकाचा आणि दुसऱ्याने सांगितलेला प्रत्यक्ष सरकण्याचा असला तर पाळी बदलताना विनाकारण वाद होतात, म्हणून नोंदवहीत कोणता आकडा लिहायचा ते आधीच ठरवून घ्यावे.

आता एकाच दांड्यातून कापलेले दोन तुकडे घ्यावेत. पहिला तुकडा रेघ वर ठेवून बसवावा आणि दुसरा रेघ खाली ठेवून, म्हणजे अर्धा वळसा फिरवून. दोन्ही जॉबांत पातळ भिंत यंत्राच्या एकाच बाजूला, उदाहरणार्थ ऑपरेटर उभा राहतो त्या बाजूला, आली तर दोष यंत्राच्या रेषेत किंवा बुशमध्ये (ड्रिलला तोंडाशी आधार देणाऱ्या कडीत) आहे. पातळ बाजू रेघेबरोबर फिरली तर दोष मालात आहे. दोन्हीपैकी काहीच घडले नाही आणि प्रत्येक जॉब वेगळ्याच दिशेला गेला, तर ड्रिलची धार, फीड (ड्रिल पुढे सरकण्याचा वेग) आणि तेल यांच्याकडे वळावे. ही चाचणी दोन-तीन जोड्यांवर केली तरी पुरते, आणि तिच्यात जाणारा वेळ एका फुकट गेलेल्या जॉबच्या किमतीपेक्षा निश्चितच स्वस्त पडतो.

दिशेइतकेच महत्त्व सरकण्याच्या आकाराला आहे. लांबीवर चार-पाच ठिकाणी भिंत मोजून कागदावर बिंदू मांडावेत. बिंदू सरळ रेषेत वाढत गेले तर ड्रिल पहिल्यापासूनच चुकीच्या दिशेने निघाले होते. बिंदूंची कमान झाली, म्हणजे सुरुवातीला थोडे आणि पुढे झपाट्याने वाढत गेले, तर वाटेत ड्रिलला काहीतरी सतत एका बाजूला ढकलते आहे. आणि अर्ध्यापर्यंत सर्व ठीक असून तेथून अचानक दिशा बदलली, तर त्या ठिकाणी कीस (कापलेल्या धातूचे तुकडे) अडकला, माल कठीण लागला किंवा वीज गेल्यामुळे ड्रिल आतच थांबून पुन्हा सुरू झाले, यांपैकी काहीतरी घडलेले असते.

पहिला इंच

गनड्रिलला स्वतःची जागा स्वतः धरता येत नाही. भिंत तयार होईपर्यंत त्याला बाहेरून आधार द्यावा लागतो. तो एकतर कठीण केलेल्या पोलादाच्या किंवा कार्बाइडच्या गाइड बुशमधून मिळतो, नाहीतर आधी अचूक पाडलेल्या आखूड छिद्रातून.

बुशचे मूल्यमापन करताना एक साधा हिशेब मनात ठेवावा. १० मि.मी. ड्रिल आणि बुश यांच्यामधील मोकळीक नवी असताना साधारण ०.०१ मि.मी.च्या आसपास असते. वापराने ती ०.०५ मि.मी. झाली आणि बुशची लांबी २५ मि.मी. असली, तर ड्रिल बुशच्या आतल्या आत दर मिलिमीटरला ०.००२ मि.मी. एवढा कल घेऊ शकते. हाच कल ६०० मि.मी. लांबीपर्यंत तसाच गेला तर दुसऱ्या टोकाला १.२ मि.मी. होतात. डोळ्याला न दिसणारा आणि हाताला जेमतेम जाणवणारा ढिलेपणा एवढे नुकसान करतो. बुश काढून भिंगाखाली पाहिला तर बहुधा त्याच्या तोंडाशी एकाच बाजूला आरशासारखी चकाकी दिसते आणि समोरच्या बाजूला मूळच्या ग्राइंडिंगच्या रेषा तशाच शाबूत असतात. अशी एकांगी झीज दिसली तर केवळ बुश बदलून भागणार नाही. स्पिंडल (ड्रिल फिरवणारा यंत्राचा दांडा) आणि बुश एका रेषेत नाहीत याचा तो पुरावा असतो, आणि नवा बुशही त्याच बाजूला झिजणार आहे.

रेषा तपासण्यासाठी डायल स्पिंडलला बांधून बुशच्या आतील अंगावरून फिरवावा. एवढ्यावर थांबू नये, कारण ही तपासणी फक्त मध्य जुळतो की नाही ते सांगते, कोन जुळतो की नाही ते सांगत नाही. बुशमध्ये सरळ घासलेला मँड्रेल (तपासणीचा अचूक दांडा) बसवून त्याच्या दोन ठिकाणी, एकमेकांपासून शक्य तेवढ्या दूर, डायल लावावा. दोन्ही ठिकाणचे मध्य ०.०२ मि.मी.च्या आत जुळले पाहिजेत. ही तपासणी यंत्र थंड असताना, सकाळी पाळी सुरू होताना एकदा आणि यंत्र तापल्यावर दुपारी पुन्हा एकदा करावी. पत्र्याच्या छपराखालील यंत्राच्या बेडची एक बाजू खिडकीतून येणाऱ्या उन्हात असेल, तर सकाळची आणि दुपारची रेषा सारखी राहील असे गृहीत धरता येत नाही.

जॉबचे तोंड हा दुर्लक्षाचा दुसरा मोठा विषय आहे. बँडसॉवर कापलेला दांडा फेसिंग (तोंड सपाट करणे) न करताच चढवला जातो. कापाचे तोंड अक्षाशी काटकोनात नसते, बुश त्याला पूर्ण टेकत नाही, आणि ड्रिलची एकुलती एक धार उताराच्या उंच बाजूला आधी लागते. पहिला झटका तेथेच बसतो. तोंड फेस केलेले असावे, बुश त्यावर घट्ट टेकलेला असावा, आणि मधल्या फटीतून तेल उडत असेल तर ती टेकण बरोबर नाही असे समजावे. लेथवरच्या सवयीने तोंडावर सेंटर ड्रिलचा खड्डा मारून ठेवण्याची पद्धतही येथे घातक ठरते. पिळाच्या ड्रिलला तो खड्डा उपकारक असतो. गनड्रिलचे टोक मध्यावर नसून व्यासाच्या सुमारे पाव अंतरावर असते, त्यामुळे त्या शंकूच्या उतारावर ते एका बाजूला ओढले जाते.

सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) बुशऐवजी आखूड छिद्र आधी पाडले जाते. त्याची खोली व्यासाच्या एक ते दोन पट आणि व्यास ड्रिलपेक्षा शतांश-दोन शतांश मिलिमीटर मोठा असावा. केवळ पिळाच्या ड्रिलने पाडलेले असे छिद्र बहुधा मोठे आणि किंचित तीनकोनी होते, म्हणून ते अचूक कार्बाइड ड्रिलने पाडावे किंवा शेवटी बोअर करून घ्यावे. त्यात गनड्रिल शिरवताना फेरे अगदी कमी ठेवावेत आणि टोक छिद्रात पूर्ण गेल्यावरच तेल आणि पूर्ण वेग सुरू करावा. लांब ड्रिल हवेत पूर्ण वेगाने फिरवणे हे वाकड्या छिद्राचे कारण तर आहेच, शिवाय ते अत्यंत धोकादायक आहे; ड्रिलचा दांडा चाबकासारखा बाहेर फेकला जातो. ड्रिलची निराधार लांबी व्यासाच्या चाळीस पटींहून अधिक असेल तर मध्ये आधाराची चौकट हवीच, आणि त्या चौकटीतील बुशही तितकीच काळजीपूर्वक तपासली पाहिजे, कारण तिचा मध्य चुकला तर ती ड्रिलला सतत एका बाजूला दाबत राहते. वर सांगितलेली कमान बहुतेक वेळा तेथूनच येते.

जॉब फिरवता येत असेल तर फिरवावा

यंत्रात सोय असेल तर ड्रिलबरोबर जॉबही उलट दिशेने फिरवावा. केवळ ड्रिल फिरत असताना दर मीटरला सुमारे एक मिलिमीटर सरकणे सर्वसाधारण मानले जाते. दोन्ही उलट दिशांनी फिरवल्यास तेच सरकणे साधारण त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. कारण सोपे आहे. जॉब स्थिर असताना यंत्रातील चूक त्याच्या एकाच अंगाला सतत ढकलत राहते. जॉब फिरू लागला की तीच चूक त्याच्या सर्व अंगांना आळीपाळीने भेटते आणि तिची बेरीज एका दिशेला होत नाही.

ही समज जुनी आहे आणि तिचा उगम तोफांच्या ओतकामात आहे. सोलापूरहून शंभर-एक किलोमीटरवर विजापूरच्या बुरुजावर असलेली मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरात ओतली गेली, काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. सुमारे ५५ टनांच्या त्या तोफेची पोकळी छिद्र पाडून केलेली नाही. साच्यात मधोमध गाभा ठेवून त्याच्याभोवती धातू ओतलेला आहे. या पद्धतीत ओतताना गाभा हलला की पोकळी मध्य सोडते आणि एका बाजूची भिंत पातळ राहते, म्हणजे आपलीच तक्रार. अठराव्या शतकात योहान मारिट्झ या स्विस ओतकाराने तोफ भरीव ओतून नंतर तिच्यात छिद्र पाडण्याची पद्धत रूढ केली, आणि पुढे आडव्या यंत्रात तोफ फिरती आणि छेदणारे हत्यार न फिरता पुढे सरकणारे, अशी मांडणी स्थिर झाली. इंग्लंडमध्ये जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये अशाच यंत्राचे पेटंट घेतले आणि त्याच अनुभवातून जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनासाठी अचूक सिलिंडर तयार झाले. अडीचशे वर्षांनंतरही आपल्या खात्यात जॉब फिरवण्याची सोय असलेली यंत्रे ती सोय बंद ठेवून चालवली जातात, कारण चक चढवायला पाच-दहा मिनिटे अधिक लागतात. हे पाहून खरोखर वाईट वाटते.

तेल, दाब आणि सोलापूरचा उन्हाळा

गनड्रिलच्या आतील नळीतून तेल दाबाने टोकापर्यंत जाते, धार थंड करते, आधारपट्ट्यांखाली पातळ थर धरते आणि कीस घेऊन बाहेरच्या खाचेतून परत येते. १० मि.मी. ड्रिलला साधारण ४० ते ६० बार दाब लागतो. ड्रिल जितके बारीक तितका दाब अधिक आणि जितके जाड तितका दाब कमी पण तेलाचे प्रमाण जास्त. दाबमापकाचा काटा हा या कामातला सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. काटा हळूहळू चढू लागला तर खाचेत कीस साचतो आहे. अचानक पडला तर बुशपाशी तेल सुटते आहे किंवा टोक तुटले आहे. परतीच्या चाळणीवरचा कीसही रोज हातात घेऊन पाहावा. आखूड, स्वल्पविरामासारखा वळलेला आणि चमकदार कीस येत असेल तर काम ठीक आहे. लांब फिती येऊ लागल्या तर त्या खाचेत अडकून ड्रिलला एका बाजूला ढकलणार, आणि पीठासारखी बारीक भुकटी येऊ लागली तर धार कापत नसून घासते आहे.

उन्हाळ्यात दोष का वाढतो, याचे उत्तर तेलाच्या टाकीत आहे. ६० बार दाबाने मिनिटाला ३० लिटर तेल ढकलणारा पंप सुमारे ३ किलोवॅट शक्ती तेलात घालतो आणि ती जवळजवळ सगळी अखेर उष्णतेत रूपांतरित होते. टाकी ५०० लिटरची असेल आणि उष्णता बाहेर जाण्याची वाट नसेल, तर केवळ पंपामुळे तेल तासाला १३ अंशांच्या आसपास तापते. कापण्याची उष्णता वेगळीच. हिवाळ्यात टाकीच्या भिंतींतून बरीचशी उष्णता निघून जाते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४२-४३ अंश सेल्सिअसपर्यंत जाते, पत्र्याखाली ते त्याहून अधिक असते, आणि मग ती वाट बंद होते. तेल ४० अंशांवरून ६० अंशांवर गेले की त्याचा दाटपणा जवळपास निम्मा होतो. आधारपट्ट्यांखालचा थर पातळ होतो, पट्टे भिंतीला कोरडे घासतात, त्यांना पोलादाचे कण चिकटतात, आणि ज्या आधारावर ड्रिलचा सगळा सरळपणा उभा आहे तोच आधार खडबडीत होतो.

बोथट हत्यार किती उष्णता निर्माण करते हे १७९८ मध्ये काउंट रम्फर्डने जगाला दाखवून दिलेच आहे. म्यूनिकच्या शस्त्रागारात त्याने मुद्दाम बोथट हत्याराने तोफ छेदायला लावली आणि भोवतीच्या पेटीतले पाणी केवळ घर्षणाने अडीच तासांत उकळले. आपले तेल दुपारी तीन वाजता तापलेले असते तेव्हा त्यात ऋतूबरोबरच उतरलेल्या धारेचाही वाटा असतो, हे विसरू नये.

उपाय महाग नाही. टाकीत तापमापक बसवावा आणि तेल ४० अंशांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न करावा. चिलर परवडत नसेल तर प्लेटचा उष्णता-विनिमयक आणि छोटा कूलिंग टॉवर बसवावा. आपल्याकडील उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाष्पीभवनाने होणारी थंडाई येथे किनारपट्टीपेक्षा चांगली काम करते. पाणी जड असल्याने प्लेटांवर क्षार साचतात, म्हणून मृदू केलेले पाणी वापरावे किंवा त्या वेळोवेळी साफ कराव्यात, आणि पाणीटंचाईच्या काळात भरपाईच्या पाण्याची तरतूद आधीच करून ठेवावी. टाकी मोठी असणे आणि ती पश्चिमेच्या भिंतीपासून दूर असणे, यानेही फरक पडतो. गाळणी १० ते २० मायक्रॉनची असावी, कारण तेलातून परत आलेले बारीक कण पट्टे आणि बुश दोन्ही घासून काढतात. बुश लवकर झिजत असेल तर गाळणी आधी पाहावी.

वीज गेल्यावर ड्रिल आतच अडकते तेव्हा घाईने स्पिंडल सुरू करू नये. आधी पंप चालवून तेल टोकापर्यंत पोचले याची खात्री करावी, ड्रिल थोडे मागे घ्यावे, मग कमी फीडने पुन्हा पुढे जावे.

धार आणि फीड

धारेबद्दल थोडक्यात. नेहमीच्या पोलादासाठी बाहेरचा कोन ३० अंश, आतला २० अंश आणि टोक व्यासाच्या पाव अंतरावर, ही प्रचलित ठेवण आहे. हे टोक सरकले की ड्रिलला आधारपट्ट्यांकडे दाबणारा जोर बदलतो. तो कमी पडला की ड्रिल भिंत सोडून भरकटते आणि छिद्र मोठे येते. म्हणून गनड्रिलची धार हातात धरून ग्राइंडरवर कधीही लावू नये, ठरलेल्या फिक्स्चरमध्येच लावावी आणि नंतर भिंगाखाली पाहावी. फीड एकसारखा हवा. ईएन १९ मध्ये १० मि.मी. ड्रिलला मिनिटाला ७० मीटर कापवेग धरल्यास सुमारे २,२०० फेरे येतात, आणि फेऱ्यामागे ०.०३ मि.मी. फीड ठेवल्यास ६०० मि.मी. छिद्राला नऊ मिनिटांच्या आसपास लागतात. उत्पादन वाढवायचे म्हणून फीड वाढवला की पातळ दांडा वाकतो, आणि जपून काम करायचे म्हणून फार कमी केला तर धार घासत राहते. दोन्हीकडून छिद्रच बिघडते.

माल आणि कामाचा क्रम

चाचणीत पातळ बाजू रेघेबरोबर फिरली असेल तर दोष दांड्यातच आहे. थंड ओढलेल्या किंवा प्रेसवर सरळ केलेल्या दांड्यात आतला ताण साठलेला असतो. मधला गाभा छिद्रामुळे निघून गेला आणि वरची साल लेथवर निघाली की तो ताण मोकळा होतो आणि दांडा वाकतो. अशा वेळी छिद्र यंत्रावर सरळच पडलेले असते आणि वाकडे नंतर होते, त्यामुळे ड्रिलवर कितीही मेहनत घेतली तरी उपयोग होत नाही. ताण काढण्यासाठी दांडा छिद्रापूर्वी गरम करून सावकाश थंड करावा. कठीण केलेल्या मालाच्या बाबतीत हे तापमान त्याच्या टेंपरिंगच्या (कठीण केल्यावर पुन्हा तापवण्याच्या) तापमानापेक्षा पंचवीस-तीस अंशांनी कमी ठेवावे, नाहीतर कठीणपणा उतरतो. आणि माल घेताना तो प्रेसवर सरळ केलेला आहे का, हे पुरवठादाराला स्पष्ट विचारावे.

बंदुकीची नळी तयार करणाऱ्यांकडून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हा कामाचा क्रम आहे. ते बाहेरचे अंग आधी पुरे करत नाहीत. जाड दांड्यात आधी छिद्र पाडतात, ते रीमरने मापाला आणतात, आणि मग छिद्राच्याच दोन्ही टोकांना सेंटर मानून बाहेरचे अंग छिद्राभोवती वळवतात. सरळ छिद्र आणि मध्यावरचे छिद्र या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिली ड्रिलने साधायची आणि दुसरी लेथने. आपल्याकडे मात्र शाफ्ट जवळजवळ मापाला आणून मग छिद्रासाठी पाठवला जातो आणि ड्रिलकडून दोन्ही गोष्टींची अपेक्षा केली जाते. बाहेरून व्यासावर तीन-चार मिलिमीटर माल शिल्लक ठेवून छिद्र आधी पाडण्याचा क्रम स्वीकारला, तर आज नाकारले जाणारे अनेक जॉब कोणत्याही नव्या यंत्राशिवाय बसतील.

आधीच सरकलेल्या जॉबचे काय करावे, हा प्रश्न उरतो. छिद्र सरळ असून केवळ तिरके गेले असेल आणि बाहेर माल शिल्लक असेल, तर वरीलप्रमाणे छिद्राला धरून बाहेरचे अंग वळवावे. जॉब पूर्ण वाचतो. रीमर फिरवून छिद्र मध्यावर आणता येईल अशी आशा धरू नये, कारण रीमर आधीच्या छिद्राच्याच मागे जातो आणि माप व गुळगुळीतपणा यांपलीकडे काही सुधारत नाही. दिशा सुधारण्याचे काम फक्त ताठ बोअरिंग बार करू शकतो, आणि तोही व्यासाच्या चार-पाच पट खोलीपर्यंतच. म्हणजे टोकाकडची बेअरिंगची जागा त्याने दुरुस्त होते, मधली लांबी होत नाही. दोन्ही टोकांकडून ड्रिल करून मध्ये गाठ घालण्याचा मार्ग फक्त तेल किंवा हवा जाण्यापुरत्या छिद्रांना चालतो, कारण मध्ये पायरी राहते. छिद्राला कमान आली असेल आणि त्यातून दांडा किंवा स्पिंडल फिरवायचा असेल, तर तो जॉब बाजूला काढावा, त्यावर दिशा आणि चार ठिकाणच्या भिंतीची मापे रंगाने लिहावीत आणि पुढील तपासणी होईपर्यंत भंगारात टाकू नये. रेषा कोणीकडे चुकली आहे हे सांगणारा एवढा चांगला नमुना दुसरा मिळत नाही.